समासातली उधारी

लामूत बुरशीला सुटी नसते.
समुद्र दिवसातून दोनदा भिंतीत शिरतो,
प्रवाळाच्या दगडांना घाम फुटतो,
म्हणून दर गुरुवारी मी चुलत्यांची पेटी
गच्चीवर उघडते
आणि पानं उन्हाला दाखवते,
तान्ह्या बाळाला दाखवावं तशी, घडीभरच.

पहिल्या पानावर कुणा नकलनविसाने
किड्यांच्या राजाला नाव घेऊन विनवलंय :
हे अमुक, प्रजेला आवर, एवढं पुस्तक सोड.
प्रजेने नेमकं राजाचं नाव खाल्लं.
उरलंय फक्त 'हे' आणि 'सोड'.

पुढे सगळं एकाच बोरूने, एका दमात :
गाढवाला पोटशूळ उठला तर लवंगा किती,
सुहेल तारा कुठल्या रात्री वर येतो
आणि त्या रात्री कुणाच्या मुलीला मागणी घालू नये,
खोटी वजनं ठेवणारा हस्तिदंताचा व्यापारी
ओळखायच्या तीन खुणा, तिसरी कसरीने नेली.
वारसाची गणितं, ज्यांत एक माणूस
सतरा नातेवाईक आणि एक उंट मागे ठेवून मरतो
आणि उंटाचे अपूर्णांक होतात.
स्वप्नात दात पडला तर.
स्वप्नात दुसऱ्याचा दात पडला तर.
एक देवमासा, चितारणाऱ्याने पाहिला नसावा,
कारण त्याला भुवया आहेत.

फुमोकाका म्हणायचे, यातला एक उपाय मी करून पाहिलाय.
कोणता, ते कधी सांगितलं नाही.
शेजाऱ्यांचं गाढव मात्र पुष्कळ जगलं.

तर गेल्या गुरुवारी,
ग्रहणांच्या कोष्टकाला लागून, समासात, आडवं लिहिलेलं सापडलं :
'शेखुवेने म्बुझी नेली. म्हणाला, उद्या आणतो.'

शेखुवेंचं घर अजून समोरच आहे,
मधल्या गल्लीत गाढवालाही पोट आत घ्यावं लागतं.
अथमान शेखुवे उंबऱ्यात बसून शिडाला टाके घालत होता.
मी म्हटलं, तुमच्याकडे आमची म्बुझी आहे.
कधीपासून?
पावणेदोनशे वर्षं झाली असतील.

तो मुकाट आत गेला
आणि नारळ खवायची विळी घेऊन आला.
बसायची फळी मधोमध खोलगट,
त्याची आई, आईची सासू, अशा सगळ्यांच्या बैठकीने.
ही घ्या, म्हणाला, आणि उशीर झाला, माफ करा.

घेऊन निघायचं, तर माझीच जीभ वळवळली.
आमच्या बोलीत म्बुझी म्हणजे विळी,
आणि म्बुझी म्हणजे शेळीसुद्धा.
लिहिणाऱ्याला दोन्ही दिसत असणार, म्हणून त्याने फोड केली नाही.
शेळी असेल तर?

अथमानने सुई शिडात खोचली.
वर्षाला दोन करडं धरू, तो म्हणाला.
मेलेली वजा कर. ईदची वजा कर.
आम्ही दगडी बाकावर बोटं मोडत बसलो.
तिसाव्या वर्षी बेट भरलं,
चाळिसाव्या वर्षी शेळ्या ओहोटीतून
मांडाच्या किनाऱ्याकडे चालू लागल्या.
त्याची बायको आल्याची कॉफी घेऊन आली,
ऐकत उभी राहिली, म्हणाली,
आणि दूध? त्याचा हिशोब कोण देणार?

शेवटी विळीवर मिटलं, तेही अर्धवट :
आजच्यापुरती ने, ती म्हणाली,
उद्या मला भातासाठी खोबरं लागेल.

रात्री मी एक नारळ खवला.
मग पेन्सिलीला टोक काढून
त्याच समासात, जुन्या ओळीखाली लिहिलं :
'अथमानकडून म्बुझी आणली. उद्या परत.'
पुढच्या कुणाला गणित नको
म्हणून शेजारी चित्रही काढलं.

माझा हात चित्राचा नाही.
चार पाय आलेत, पुढे काढलेली मान,
टोकाला दात.
दिव्यापासून जरा लांब धरलं
की चरताना दिसते.